वाढत्या वजनाचा जमाखर्च

अमरावतीच्या राजकमल चौकातून बडनेऱ्याकडे निघाले की राजापेठ लागते. शहरातल्या कुठल्याही गजबजलेल्या पेठेत असते तेच इथे आहे : दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅब, मेडिकलची दुकाने आणि संध्याकाळी गिलावडा-कचोरीच्या गाड्यांभोवतीची गर्दी. प्रौढांच्या लठ्ठपणाचा आरोग्यव्यवस्थेवर किती आर्थिक भार पडतो, हा प्रश्न साधारणपणे दिल्लीच्या अहवालांत आणि जागतिक परिषदांत चर्चिला जातो. या प्रस्तावनेत तो अमरावती-अकोल्याच्या पातळीवर आणायचा आहे, कारण तो भार प्रत्यक्षात कोण उचलतो हे इथेच स्पष्ट दिसते. मांडायचा मुद्दा एकच आहे. लठ्ठपणातून येणाऱ्या आजारांचा खर्च आपल्याकडे वर्षानुवर्षे घर उचलते, तोही महिन्याच्या महिन्याला, मेडिकलच्या काउंटरवर. सरकारी योजना आणि विमा येतात ते शेवटी, जेव्हा उपचार सर्वांत महाग आणि सर्वांत कमी फायद्याचा झालेला असतो. हा क्रम उलटल्याशिवाय रुग्णालये कितीही वाढली तरी भार कमी व्हायचा नाही.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयोगटातल्या 24 टक्के भारतीय स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. शहरी स्त्रियांत हे प्रमाण एक तृतीयांश आहे आणि खेड्यांतही ते पाचातल्या एकीपर्यंत पोचले आहे. महाराष्ट्राचे चित्र अधिक बोलके आहे. राज्यात शंभरातल्या सुमारे 23 स्त्रियांचे वजन जास्त आहे आणि त्याच शंभरात सुमारे 21 जणींचे वजन असायला हवे त्याहून कमी आहे. म्हणजे एकाच राज्यात, अनेकदा एकाच तालुक्यात, दोन विरुद्ध टोके जवळपास सारख्याच संख्येने नांदतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाने वीस वर्षांवरच्या एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेह 11.4 टक्के, मधुमेहाच्या उंबरठ्यावर 15.3 टक्के, उच्च रक्तदाब 35.5 टक्के, एकूण लठ्ठपणा 28.6 टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्के. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. वजनकाटा ज्यांना लठ्ठ म्हणत नाही अशा अनेकांच्या पोटावर चरबी साठलेली आहे, असा त्याचा अर्थ.

हे असे का, याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. एका पानाच्या त्या टिपणाने वरून सडपातळ, आतून मेदयुक्त अशा भारतीय देहाची जगाला ओळख करून दिली. अशा देहरचनेमुळेच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर आणि लठ्ठपणाची 30 ऐवजी 25 वर आखली गेली, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर व स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची खूण ठरली. हिशेबाच्या दृष्टीने याचा परिणाम साधा पण गंभीर आहे. पाश्चात्त्य मोजपट्टीवर आपला लठ्ठपणा कमी दिसतो. आजार मात्र कमी होत नाहीत, उलट लवकर येतात. खर्चाचा अंदाज बीएमआयवर बेतला तर तो आपल्याकडे कमीच निघणार, हे पुढचे सगळे आकडे वाचताना लक्षात ठेवावे लागेल.

वजनाचे रूपांतर खर्चात कसे होते? लठ्ठपणासाठी म्हणून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात क्वचितच कोणी भरती होतो. केसपेपरवर मधुमेह लिहिलेला असतो, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, गुडघ्यांची झीज, यकृतात साठलेली चरबी, काही प्रकारचे कर्करोग. यातल्या प्रत्येकाची कारणे अनेक असतात आणि वाढलेला मेद हे त्यांतले एक असते. त्यामुळे लठ्ठपणाचा खर्च वेगळ्या नोंदीत दिसत नाही. तो इतर आजारांच्या बिलांत विखुरलेला राहतो. शिवाय तो एकदम येत नाही. चाळिशीच्या आसपास तपासणीत शुगर निघते, गोळी सुरू होते, वर्षा-दोन वर्षांत बीपीची गोळी जोडली जाते, मग कोलेस्टेरॉलची. समजा एखाद्या घराला गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टरांची फी मिळून महिन्याला दीड हजार रुपये लागतात. वर्षाचे अठरा हजार होतात आणि पंधरा वर्षांचे दोन लाख सत्तर हजार, तेही भाववाढ धरली नाही तर आणि घरात रुग्ण एकच असेल तर. ही रक्कम कधीच एकरकमी मागितली जात नाही, म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घरात हंगाम हुकला की पहिली काटछाट याच गोळीवर होते. पंधरा दिवसांचा खंड पडतो, मग महिन्याचा. अशा खंडांतूनच काही वर्षांनी डायलिसिस किंवा बायपास उभे राहते.

तिथे मात्र शासन हजर असते, आणि याबाबतीत अमरावतीचा इतिहास राज्यात पुढचा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होती. पुढे ती राज्यभर गेली, 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण आता पाच लाखांवर आले आहे. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस यांसाठी हजारो कुटुंबांना तिचा आधार मिळाला, हे मान्य करायलाच हवे. पण या योजनेची रचना भरतीच्या पॅकेजवर उभी आहे. काही शस्त्रक्रियांनंतरचा ठरावीक पाठपुरावा सोडला तर ज्या गोळ्यांनी ती भरती टळली असती त्या तिच्यात बसत नाहीत. खासगी विम्याची गतही वेगळी नाही. विमा नियामकाच्या नियमांनुसार वजन घटवण्याची शस्त्रक्रिया ग्राह्य धरली जाते ती बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त झाल्यावर, किंवा किमान 35 असून सोबत गंभीर आजार असल्यावर. आधीच्या सगळ्या वर्षांत विमा कंपनी बाजूला उभी असते.

यावर कोणी म्हणेल की सरकारी दवाखान्यात सगळे मोफतच आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत शुल्क माफ झाले, हे खरे. पण लोक कुठे जातात हेही पाहावे लागते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) भरती न होता घेतलेल्या उपचारांपैकी जेमतेम 30 टक्के सरकारी रुग्णालयांत झाले. मधुमेहाचा माणूस दर महिन्याला येणार असतो. रोजंदारी बुडवून अर्धा दिवस रांगेत उभे राहायचे आणि खिडकीवर एक गोळी आहे, दुसरी बाहेरून घ्या असे ऐकायचे, हे त्याला परवडत नाही. मग तो जवळच्या मेडिकलवर जातो. देशाच्या आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. 2013-14 मध्ये हेच प्रमाण 64.2 टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरी उरलेल्या खिशातल्या खर्चात औषधांचा वाटा जड आहे, आणि आयुष्यभराच्या आजारांत तो जडच राहणार.

राष्ट्रीय पातळीवरचा अंदाजही पाहू. ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 161 देशांच्या अभ्यासाने 2019 मधला भारताचा भार सुमारे 2,900 कोटी डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साधारण एक टक्का, धरला. आहे तेच चालू राहिले तर 2060 पर्यंत तो अडीच टक्क्यांच्या जवळ जाईल, असे त्या अभ्यासाचे गणित आहे. तुलनेसाठी, केंद्र आणि राज्ये मिळून सरकारचा आरोग्यावरचा खर्च 2021-22 मध्ये उत्पादनाच्या 1.84 टक्के होता, आणि राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 साठी ठरवलेले लक्ष्य होते अडीच टक्के. लठ्ठपणाचा भार आणि सरकारी खर्च हे आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. लठ्ठपणाच्या भारात उपचाराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, बुडालेल्या कामाच्या दिवसांची आणि अकाली मृत्यूंची किंमत धरलेली असते. शिवाय 2060 चा आकडा हे भाकीत नाही, एका गृहीतावर बेतलेले गणित आहे. पण दिशेबद्दल शंका उरत नाही. श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेने 2019 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा त्या देशांच्या आरोग्यखर्चातला 8.4 टक्के भाग जादा वजनाच्या आजारांवर जाणार असे निघाले. त्या देशांत ते बिल मुख्यतः विमा आणि सरकार भरतात. आपण त्या खर्चाच्या वाटेवर आहोत, त्यांच्या संरक्षणाशिवाय.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अर्थशास्त्राचाच आहे आणि तो पोकळ नाही. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने 2008 मध्ये दाखवले की वयाच्या विसाव्या वर्षापासून मृत्यूपर्यंतचा आरोग्यखर्च निरोगी माणसाचा सर्वाधिक, सुमारे 2,81,000 युरो, असतो. लठ्ठ माणसाचा सुमारे 2,50,000 आणि धूम्रपान करणाऱ्याचा 2,20,000. कारण सरळ आहे : निरोगी माणूस जास्त जगतो आणि म्हातारपणाचे आजार महाग असतात. मग लठ्ठपणाने व्यवस्थेचे पैसे वाचतातच ना? हा युक्तिवाद दोन ठिकाणी अडतो. एक, माणूस लवकर मरण्याला बचत म्हणणारी आरोग्यव्यवस्था आपले प्रयोजनच विसरलेली असते. दुसरे, ते गणित डच समाजाचे आहे. तिथे वृद्धाश्रमापासून शुश्रूषेपर्यंतचा खर्च सार्वजनिक पैशांतून होतो. आपल्याकडे म्हाताऱ्यांची शुश्रूषा लेकी-सुना विनामोबदला करतात, आणि मधुमेह-हृदयविकार येतात ते पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात, कमावत्या माणसाला. पंचेचाळिशीतला गडी पक्षाघाताने बसला की त्या घराचा खर्च वाढतो आणि त्याच दिवशी मिळकत थांबते. पोरांचे शिक्षण, शेताचे बियाणे, सावकाराचे व्याज यांवर त्याचा जो परिणाम होतो तो रुग्णालयाच्या कोणत्याच वहीत येत नाही.

दुसरा आक्षेप वऱ्हाडात अधिक तीव्रतेने घेतला जाईल. ज्या जिल्ह्यात मेळघाट आहे, धारणी-चिखलदऱ्यातली कुपोषित बालके आणि त्यांचे मृत्यू तीन दशके विधिमंडळात आणि न्यायालयात गाजत आहेत, तिथे राजापेठेतल्या पोटांची चिंता करायची कशाला? पैसा मर्यादित आहे, तो आधी उपाशी पोटासाठी जावा. हा प्राधान्यक्रम नैतिकदृष्ट्या बिनचूक आहे. चूक आहे ती या दोन खर्चांना प्रतिस्पर्धी समजण्यात. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले; इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बालकांचे होते 3.5 किलो. पण पुण्याच्या बालकांत कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. गर्भात पोषण कमी पडले की शरीर काटकसरीला लागते, आणि पुढे त्याच शरीराला बैठे काम व तेलकट-गोड खाणे मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे मेळघाटातल्या गरोदर बाईच्या ताटात आज जे पडत नाही त्याची किंमत तीस-चाळीस वर्षांनी, कदाचित शहरात मजुरीला आलेल्या तिच्या मुलाच्या रक्ततपासणीत मोजावी लागते. मातेच्या पोषणावरचा खर्च हा लठ्ठपणाच्या आजारांवरचा पहिला प्रतिबंधक खर्च आहे. दोन्ही एकाच खात्यावर लिहायला हवेत.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे : खाणारा तो, आळशी तो, मग भरणाराही तोच असावा. जीभ आवरा आणि व्यायाम करा, एवढे सांगून हा आक्षेप मोकळा होतो. व्यायामाचे महत्त्व अमरावतीला कोणी शिकवायला नको. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी इथे उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. अशी परंपरा असलेल्या देशात 2022 साली जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, स्त्रियांत तर 57 टक्क्यांची, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये मांडले. निम्मा देश एकाएकी आळशी होत नाही. काम बदलले, प्रवास बदलला, चालायला फुटपाथ उरले नाहीत, आणि घर सांभाळून संध्याकाळी मोकळ्या मैदानावर जाण्याची सोय व मुभा बहुतेक बायांना नाही. ताटही बदलले. वऱ्हाडात ज्वारीचा पेरा कापूस-सोयाबीनपुढे आकसला, रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ आला, आणि 2023-24 च्या घरगुती खर्च सर्वेक्षणानुसार पेये, बाहेरचे खाणे आणि तयार पदार्थ यांवर ग्रामीण घराच्या मासिक खर्चातले 9.84 टक्के व शहरी घराचे 11.09 टक्के जातात. दरडोई खाद्यतेलाचा वापर नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार वर्षाला 19.7 किलोवर पोचला. यात व्यक्तीची निवड आहेच, पण ती निवड किमतीच्या चौकटीत होते, आणि किमती ठरवण्यात शासनाचा हात असतो. सप्टेंबर 2025 च्या जीएसटी फेररचनेत शीतपेयांवर 40 टक्के कर राहिला. नमकीन, बिस्किटे आणि चॉकलेट 5 टक्क्यांवर आली. मेक्सिकोने 2014 मध्ये साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, तेव्हा खरेदी पहिल्याच वर्षी घटली. कराने वर्तन बदलते हे सरकारला ठाऊक आहे. ते शीतपेयाला लागू करायचे आणि फरसाणाला नाही, याचे आरोग्याच्या अंगाने समर्थन करता येत नाही. दोषारोपाचा आणखी एक तोटा आहे. हिणवला जाणारा माणूस दवाखाना टाळतो, उशिरा येतो आणि महाग पडतो.

चौथा आक्षेप नवा आहे : आता वजन घटवणारी इंजेक्शने आली, प्रश्न सुटला. तिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ नावाने मार्च 2025 मध्ये भारतात आले, तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत साडेतीन हजार रुपये होती आणि आठवड्याला एक कुपी लागते. महिन्याचे चौदा हजार होतात. याच प्रकारच्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची, त्यामुळे पुढे स्वस्त पर्यायांची वाट मोकळी होते. या औषधांचा गुण खरा आहे आणि ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांना ती मिळायलाच हवीत. पण सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे हीदेखील आयुष्यभराची गोळीच ठरते. ज्या व्यवस्थेत मधुमेहाच्या साध्या गोळीत खंड पडतो, तिथे महागडे इंजेक्शन अखंड चालेल, हे गृहीत टिकणारे नाही.

मग करायचे काय? वऱ्हाडात गेल्या पंचवीस वर्षांत रुग्णालये वाढली. अकोल्याला 2002 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, अमरावतीला 2024 मध्ये. ही गरज होतीच. पण खर्चाचा ओघ वळवायचा असेल तर तो उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वळवावा लागेल. तिशीनंतर प्रत्येकाच्या कमरेचा घेर, रक्तदाब आणि शुगर वर्षातून एकदा मोजायला मोजपट्टी, एक यंत्र आणि काही रुपयांची पट्टी लागते. तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून कागदावर आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षातही आहे. तुटते ते पुढचे पाऊल. शुगर निघालेल्या माणसाला दर महिन्याची गोळी गावाजवळ, न चुकता आणि फुकट मिळणे, हे ते पाऊल. जन आरोग्य योजनेच्या पॅकेजांत या वर्षानुवर्षांच्या उपचाराला जागा दिली तर शासनाचा आजचा खर्च वाढेल, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रतिबंधाने लगेच पैसे वाचतात असा दावाही इथे केलेला नाही. म्हणणे इतकेच की जो पैसा आज ना उद्या जाणारच आहे तो आधी गेला तर त्यातून डोळे, पाय आणि मूत्रपिंडे वाचतात. शेवटी गेला तर फक्त बिल चुकते होते.

या विषयात शिरणाऱ्या वाचकाला तक्ते भेटतील, टक्केवारी भेटेल आणि एकमेकांशी न जुळणारे अंदाजही भेटतील. प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न विचारावा : हा खर्च कोणी भरला आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर भरला? या प्रश्नाचे उत्तर न देणारा आकडा, कितीही मोठा असला तरी, धोरणाच्या उपयोगाचा नाही. आणि जे जिल्हा परिषदेत, महापालिकेत, विधानसभेत आमच्या वतीने अंदाजपत्रक मंजूर करतात, त्यांनी नव्या इमारतीच्या कोनशिलेइतकेच लक्ष उपकेंद्रातल्या गोळ्यांच्या साठ्याकडे द्यावे. वऱ्हाडातल्या घरांनी हा भार आजवर मुकाट्याने उचलला. त्यातला आपला वाटा शासनाने आता वेळेत उचलावा.